आधी पाय बघा: दोन बॉक्सरांची संभाव्य लढत कशी वाचायची

आमच्या घरी बॉक्सिंगची लढत लागली की टीव्हीच्या वरच्या अर्ध्यावर टॉवेल लोंबत असतो. बायकोला सवय झाली आहे. पाहुणे मात्र विचारतात, टीव्ही फुटला का? फुटलेला नाही. मला त्या दोघांचे हात बघायचे नसतात, एवढंच. हात दिसले की डोळा हातांमागे पळतो आणि कंबरेखाली काय चाललंय ते बघायचं राहून जातं. लढत बरेचदा तिथेच ठरलेली असते.

नागपुरात बॉक्सिंगचं नाव काढलं की हल्ली लोकांना अल्फिया पठाण आठवते. २०२१ साली पोलंडमधल्या किएल्से इथे युवा जागतिक स्पर्धेत तिने ८१ किलोवरील गटाचं सुवर्ण मिळवलं. मी स्वतः जिल्हा पातळीच्या पुढे कधी गेलो नाही, तरी पोरं माझ्याकडे येऊन विचारतात, ‘काका, या दोघांची झाली तर कोण जिंकन?’ पानठेल्यावर याचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं: ज्याचा ठोसा भारी, तो. मला मात्र चार संध्याकाळी आणि एक दोनशे पानी वही लागते. त्या चार संध्याकाळी मी काय करतो, ते इथे सांगतो. बॉक्सिंग नुकतंच बघायला लागलेल्यांनाही जमेल असं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. कोन, म्हणजे कोच लोक ज्याला ‘अँगल’ म्हणतात तो, एकट्या बॉक्सरच्या मालकीचा नसतो. तो दोघांच्या पायांमध्ये तयार होतो. एकाविरुद्ध सुंदर दिसलेलं फुटवर्क, म्हणजे पायांची चाल, दुसऱ्याविरुद्ध पार लुळं पडतं. म्हणून ‘याचं फुटवर्क कसं आहे’ एवढं विचारून भागत नाही. याचा पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या कोणत्या बाजूला पडणार, असं विचारावं लागतं.

आधी गच्चीवर, खडू घेऊन

व्हिडिओ लावण्याआधी एक सकाळ द्या. मे महिना असेल तर सातच्या आत उरका, नंतर नागपूरच्या गच्चीवर अनवाणी पाय टेकत नाही. सोबतीला कोणीतरी हवं. भाऊ, बहीण, शेजारचा पोट्टा, कोणीही चालेल.

जमिनीवर खडूने पाच-सहा फुटांची सरळ रेघ ओढा आणि तिच्या दोन टोकांना समोरासमोर उभे राहा. तुम्ही डावा पाय पुढे ठेवा, उजवा मागे. पायांत साधारण खांद्याएवढं अंतर, मागची टाच जराशी उचललेली, गुडघे सैल. याला ऑर्थोडॉक्स स्टान्स म्हणतात. जोडीदाराला उलटं उभं करा, उजवा पाय पुढे. तो साउथपॉ. सहसा जो हात बळकट तो मागे ठेवतात, त्यामुळे साउथपॉ बहुतेक डावखुरे असतात. पण उजव्या हाताने जेवणारे काही जणही साउथपॉ उभे राहतात, तेव्हा हाताचा विचार करू नका, कोणता पाय पुढे आहे तेवढं बघा.

आता दोघांनीही मुठी पुढे करा. दोघांच्या मुठी एकमेकांच्या छातीकडे रोखलेल्या आहेत. खडूची रेघ ही तुमची मधली रेषा. या रेषेवर दोघं आहेत तोवर हिशेब सरळ आहे: ज्याचा हात लांब आणि जलद, त्याचा फायदा.

आता तुम्ही डावा पाय जोडीदाराच्या उजव्या पायाच्या बाहेर टाका. वीतभर पुरे. मग डाव्या चवड्यावर उजवीकडे वळा आणि मागचा पाय फिरवून घ्या. थांबा. आता तुमची छाती त्याच्या उजव्या खांद्याकडे आहे, त्याच्या मुठी मात्र तुम्ही मघाशी जिथे होता त्या रिकाम्या जागेवर रोखलेल्या आहेत. त्याचा बळकट डावा हात तुमच्यापासून सगळ्यात दूर गेला. तुम्हाला मारायचं तर त्याला आधी पाय हलवावे लागतील, मग हात. तुम्हाला फक्त हात हलवायचा आहे. अँगल म्हणतात तो हाच, आणि चवड्यावरच्या त्या वळण्याला पिव्होट.

मग भूमिका बदला. जोडीदाराला त्याचा उजवा पाय तुमच्या डाव्या पायाच्या बाहेर टाकून डावीकडे वळू द्या. अचानक सगळं चुकल्यासारखं वाटेल, तोंड एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. ही अडचण एकदा अंगाने कळली की पडद्यावर ती ओळखायला वेळ लागत नाही.

गच्चीवरून उतरण्याआधी अजून एक. जोडीदाराला डावी-उजवीकडे सरकायला सांगा आणि नियम लावा: ज्या दिशेला जायचं त्या बाजूचा पाय आधी उचलायचा, दुसरा मागून ओढायचा. मुद्दाम एकदा नियम मोडायला लावा, म्हणजे पाय एकमेकांवरून जाऊ द्या, आणि नेमक्या त्या क्षणी खांद्याला बोटाने ढकला. माणूस लडखडतोच. बोटाने लडखडला, तर ठोशाने काय होईल?

कोणत्या लढती बघायच्या

इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकत होतो. एखाद्याच्या सगळ्यात गाजलेल्या तीन लढती काढायच्या आणि बघत बसायचं. गाजलेली लढत उपयोगाची असेलच असं नाही.

हे बुद्धिबळवाल्यांकडून शिकावं. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बटुमीला महिला विश्वचषक जिंकून आली. त्या पातळीवरचे खेळाडू तयारीला बसतात तेव्हा समोरचा किती भारी आहे यावर डोकं खपवत नाहीत. मी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं तर हा काय उत्तर देतो, तेवढे डाव काढून बघतात. बॉक्सिंगमध्येही तसंच. पहिल्या बॉक्सरच्या अशा लढती शोधा ज्यांत समोरचा माणूस दुसऱ्या बॉक्सरसारखा आहे: तोच स्टान्स, जवळपास तीच उंची, तशीच चाल.

एक जोडी घेऊनच सांगतो. जपानचे नाओया इनोउए आणि जुंतो नाकातानी. इनोउए ऑर्थोडॉक्स, उंची १६५ सेंटीमीटर. नाकातानी साउथपॉ आणि त्याच्यापेक्षा सातेक सेंटीमीटर उंच. यांची लढत ठरायच्या कितीतरी आधीपासून चाहते तिच्यावर वाद घालत होते, त्यामुळे सरावाला ही जोडी झकास. निकाल माहीत असेल तर तो बाजूला ठेवून बसा.

इनोउएच्या कोणत्या लढती काढाल? स्टीफन फुल्टनविरुद्धची २०२३ ची लढत देखणी आहे. पोटावर जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) आणि लगेच वर उजवा हात, या जोडीने आठव्या फेरीत काम झालं. पण फुल्टन ऑर्थोडॉक्स आहे, त्यामुळे या कामासाठी ती लढत दुय्यम. आपल्याला हवेत साउथपॉ: डिसेंबर २०२३ मधला मार्लन तापालेस, मे २०२४ मध्ये टोकियो डोममधला लुइस नेरी आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नागोयातला मुरोदजोन अखमदालिएव्ह. नेरीने पहिल्याच फेरीत डाव्या हुकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, इनोउएला खाली बसवलं होतं, तो प्रसंग तर दहा वेळा बघा. इनोउए उठला आणि सहाव्या फेरीत जिंकला, ते खरं. पण खाली बसण्याआधीच्या दोन सेकंदांत पाय कुठे होते, ते आपल्याला हवं.

नाकातानीचं उलट. त्याची जून २०२५ ची र्योसुके निशिदाबरोबरची लढत जोरदार, पण निशिदा साउथपॉ. त्याऐवजी २०२३ मधली अँड्र्यू मोलोनीविरुद्धची काढा, आणि डिसेंबर २०२५ मधली सेबास्टियन हर्नांडेझविरुद्धची. हर्नांडेझ आत घुसून सतत रेटत राहतो. इनोउए तसा खेळत नाही, पण उंच माणसाला मागे रेटलं की त्याचे पाय काय करतात, हे तिथे दिसतं.

प्रत्येकाच्या तीन लढती पुरतात, मात्र पूर्ण हव्यात. हायलाइट्समध्ये ठोसे लागलेले दिसतात. ठोसा लागण्याआधी वीस सेकंद पायांची जी जुळवाजुळव चालते, तीच संपादकाने कापलेली असते.

आणि आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका स्थानिक स्पर्धेआधी आमच्याकडच्या एका पोराच्या प्रतिस्पर्ध्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ हाती लागला. मी दोन संध्याकाळी बसलो, पाच पानं भरली आणि पोराला ठासून सांगितलं: समोरचा साउथपॉ आहे, डावीकडे फिरत राहा. घंटा वाजली, आणि समोरचा डावा पाय पुढे टाकून उभा! पोरगं शिकवल्याप्रमाणे डावीकडे फिरत थेट त्याच्या उजव्या हातात जात राहिलं. पहिल्या फेरीनंतर कोपऱ्यात येऊन म्हणालं, ‘काका, तो तं सीधाच निघाला न!’ व्हिडिओ सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला होता, आरशासारखा उलटा. तेव्हापासून व्हिडिओ लावला की मी आधी चड्डीवरची, हातमोज्यांवरची किंवा रिंगच्या गादीवरची अक्षरं वाचतो. इंटरनेटवर चढवलेल्या मोठ्या लढतीही कधी कधी अशा उलट्या केलेल्या असतात. अक्षरं सरळ वाचता आली की मगच वही उघडा.

टॉवेल, वही आणि काड्या

आवाज बंद. समालोचक चांगला असला तरी तो तुमच्या डोळ्यांना हाताला धरून नेतो. वेग अर्धा करा. एका वेळी एकाच बॉक्सरकडे बघा, दुसऱ्यासाठी फेरी पुन्हा लावा. सगळ्या फेऱ्या बघायची गरज नाही: पहिली, मधली एखादी आणि शेवटची. बारा फेऱ्यांच्या व्यावसायिक लढतीत दहावीनंतर पाय जे बोलतात ते पहिल्या फेरीत कधीच बोलत नाहीत. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन-तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या, तिथे सगळ्याच बघा.

वहीत मी रकाने आखतो आणि जनगणनेसारख्या काड्या मारतो. सगळ्यात मोठा रकाना या प्रश्नाचा: मारून झाल्यावर हा कुठे जातो? जागेवर थांबतो, सरळ मागे जातो, स्वतःच्या डावीकडे निसटतो की उजवीकडे? मारायला आत शिरताना प्रत्येक जण सावध असतो, तिथे ठरवून केलेलं दिसतं. बाहेर पडताना सवय दिसते. चार-पाच फेऱ्यांच्या काड्या मोजल्यात की कळतं, माणूस चार दिशांपैकी एकीवर फार जीव लावून बसला आहे. समजा वीसपैकी बारा वेळा तो सरळ मागे गेला. आता समोरच्याकडे लांब उजवा हात असेल आणि दुसरं पाऊल टाकायची सवय असेल, तर त्या बारा काड्या म्हणजे बारा संधी.

या रकान्याला लागून एक बारीक खूण करत जा: बाहेर पडताना पाय जवळ आले का? घाईत मागे जाताना पुष्कळ जणांच्या टाचा जवळजवळ एकमेकींना लागतात. तेवढा अर्धा सेकंद ते ठोसा मारूही शकत नाहीत आणि झेलूही शकत नाहीत. चांगले बॉक्सर समोरच्याचं तोंड कधी मोकळं होतं याइतकीच त्याचे पाय कधी जवळ येतात याचीही वाट बघतात.

बाकीचे रकाने लहान. जॅब पोचतो तेव्हा पुढचं पाऊलही तेव्हाच टेकतं का? पाऊल आधी टेकून हात मागून येत असेल, तर समोरच्याला इशारा मिळतो. हुलकावणी देताना हा पाय वापरतो की नुसते खांदे? पायाने दिलेल्या हुलीला मोठमोठे लोक फसतात. दोरांपासून मागची टाच किती लांब ठेवतो? दमल्यावर पाय पसरतात की सरळ उभे होतात? पाय पसरले तर जोर राहतो, चाल जाते. सरळ झाले तर चाल थोडी उरते, पण एका धक्क्यात तोल जातो.

प्रत्यक्ष स्पर्धा बघायला गेलात, मानकापूरच्या संकुलात किंवा आणखी कुठे, तर पहिल्या रांगेसाठी धडपडू नका. तिथून गादी डोळ्यांच्या उंचीवर येते आणि दोर, पंच, कोपऱ्यातले लोक यांत पाय हरवतात. मागे, थोडं वर बसा. तिथून मधली रेषा खडूने आखल्यासारखी दिसते.

दोघांना एका रेघेवर आणा

आता दोन वह्या समोरासमोर ठेवा. इथपर्यंत दोन वेगळी माणसं होती, आता एक लढत करायची आहे.

पहिला प्रश्न: स्टान्स सारखे की उलटे?

सारखे असतील, म्हणजे दोघंही ऑर्थोडॉक्स किंवा दोघंही साउथपॉ, तर पुढचे पाय एकमेकांत फारसे अडकत नाहीत. जॅबला मोकळा रस्ता असतो. अशा लढतीत ऑर्थोडॉक्सने आपल्या उजवीकडे सरकलं तर तो समोरच्याच्या जोरदार उजव्या हातापासून दूर जातो, पण डाव्या हुकच्या तोंडी. डावीकडे सरकलं तर नेमकं उलट. म्हणून वहीतली ‘कुठे निसटतो’ ही काडी आणि समोरच्याचा आवडता हात शेजारी ठेवून बघा. डिसेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला वासिल लोमाचेन्को आणि गिलेर्मो रिगोंदो भिडले. दोघंही साउथपॉ, दोघांकडेही दोन-दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं. सहाव्या फेरीनंतर रिगोंदो स्टुलावरून उठला नाही. तो दोन वजनगट वर चढून आला होता, हे धरूनच बोलावं लागेल. तरी वरचा भाग झाकून ती लढत बघा: लोमाचेन्को एका जागी दोन ठोशांपेक्षा जास्त क्वचितच थांबतो. लहानपणी वडिलांनी त्याला काही वर्षं बॉक्सिंगमधून काढून युक्रेनी पारंपरिक नाच शिकायला पाठवलं होतं. त्याच्या पायांकडे बघून ते पटतं.

स्टान्स उलटे असतील तर खरी गंमत. दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात, एकमेकांवर पडतात आणि ‘बाहेर कोणाचा पाय’ हे भांडण पहिल्या घंटेपासून सुरू होतं. गच्चीवर केलं तेच. ज्याचा पुढचा पाय बाहेर, त्याचा मागचा हात समोरच्याच्या हनुवटीच्या रेषेत. ऑर्थोडॉक्सला साधारणपणे आपल्या डावीकडे जायचं असतं, साउथपॉला आपल्या उजवीकडे. दोघांना एकाच बाजूची जागा हवी असते, म्हणून अशा लढती कधी कधी दोन माणसं अरुंद दारातून एकदम आत जाऊ बघताहेत तशा दिसतात.

यासाठी एकच लढत सुचवायची तर २५ सप्टेंबर २०२१, लंडन: ओलेक्सांद्र उसिक विरुद्ध अँथनी जोशुआ. जोशुआ १९८ सेंटीमीटर, उसिक १९१. जोशुआ अंगाने भारी, घरचं मैदान. पानठेल्याचा हिशेब सरळ जोशुआच्या बाजूने जातो. तीनही पंचांनी उसिकला दिली: ११७-११२, ११६-११२, ११५-११३. टॉवेल टाकून पहिल्या तीन फेऱ्या बघा आणि फक्त एवढं मोजा: उसिकचा उजवा पाय जोशुआच्या डाव्या पायाच्या बाहेर किती वेळा, आणि त्यानंतर डावा हात किती वेळा निघाला. शेवटची फेरीही अशीच मोजा.

आता सावधगिरीची गोष्ट. बाहेरचा पाय हा काही वेदातला मंत्र नाही. नवखे विश्लेषक एवढं शिकतात आणि मग प्रत्येक लढतीत तेच शोधतात. आतला रस्ताही असतो: पाय आत ठेवून मागचा हात सरळ मधून घालायचा, किंवा आत पाऊल टाकून पुढच्या हाताने हुक मारायचा. मॅनी पॅकियाओ साउथपॉ, हुआन मॅन्युएल मार्केझ ऑर्थोडॉक्स. दोघं २००४ ते २०१२ दरम्यान चार वेळा लढले. एक बरोबरी, दोन पॅकियाओने घेतल्या आणि चौथीत, ८ डिसेंबर २०१२ ला, सहाव्या फेरीची घंटा व्हायला क्षणभर उरला असताना पॅकियाओ आत झेपावला आणि मार्केझच्या उजव्या हाताने तोंडावर आपटला. तिथे बाहेरचा पाय कोणाचा होता यापेक्षा पॅकियाओ कोणत्या क्षणी झेपावतो, हे मार्केझला तीन लढतींनंतर पाठ झालं होतं, हे महत्त्वाचं. तेव्हा कोनाबरोबर क्षणही मोजा. आत शिरण्याआधी हा माणूस काय करतो? दोनदा उडी मारतो, पुढचा हात खाली घेतो, मागची टाच टेकवतो? काहीतरी करतोच.

रिंगचं माप विसरू नका

हौशी स्पर्धांत दोरांच्या आतली रिंग ६.१० मीटर, म्हणजे २० फूट चौरस असते. व्यावसायिक लढतीत ती १६ पासून २४ फुटांपर्यंत असू शकते आणि करार करताना यावरून घासाघीस होते. पळत खेळणाऱ्याला मोठी रिंग हवी, रेटणाऱ्याला लहान. लढत जाहीर झाली की मिळालं तर हे माप नक्की लिहून ठेवा.

रिंग कशी अडवायची, याला माझ्याकडे एकच उदाहरण आहे. गल्लीत सुटलेलं वासरू कसं धरतात? अनाडी माणूस त्याच्या मागे पळतो आणि अख्खी गल्ली फिरतो. जाणता माणूस गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो, हात पसरून दोन पावलं इकडे, दोन तिकडे, वासरू आपोआप कोपऱ्यात. चांगला रेटणारा बॉक्सर असाच आडवा सरकतो. समोरच्याच्या मागे मागे चालत नाही, त्याची पुढची वाट बंद करतो. वहीत बघा: तुमचा रेटणारा मागे चालतोय की आडवा सरकतोय? मागे चालणारा सहाव्या फेरीपर्यंत फुफ्फुसं संपवून बसतो, मग त्याचा ठोसा कितीही भारी असो.

मध्यभाग कोणाकडे, हेही इथेच येतं. मध्ये उभा असणारा छोटं वर्तुळ फिरतो, दोरांकडचा मोठं. तीन मिनिटांत किती पावलांचा फरक पडतो ते गच्चीवर दोरी धरून फिरलात की मांड्याच सांगतील. तीनच फेऱ्यांच्या हौशी लढतीत तर मध्यभाग सोडून मग परत मिळवायला वेळच उरत नाही. निखत झरीनची २०२२ मधली इस्तंबूलची जागतिक अंतिम लढत बघा, ५-० ने जिंकलेली. आत-बाहेर करताना ती रिंगच्या कोणत्या भागात असते, एवढंच टिपा.

कागदावर काय लिहायचं

‘अमुक जिंकेल’ असं लिहू नका. त्यातून जिंकलात तरी काही शिकणं होत नाही. ‘असं झालं तर तसं’ अशी वाक्यं लिहा, पाच-सहा पुरे. प्रत्येक वाक्याला तुमच्या काड्यांचा आधार असावा.

इनोउए-नाकातानी जोडीवरची माझी वही अशी काहीशी आहे. नाकातानीला जेवढा वेळ लांब ठेवता येईल तेवढी त्याची उंची कामी येते. तेव्हा पहिल्या दोन फेऱ्यांत पुढचे पाय वारंवार एकमेकांना घासत असतील तर इनोउए हव्या त्या अंतरावर पोचला आहे, मग ठोसे कोणाचेही जास्त दिसोत. इनोउएचं आत शिरणं मला काळजीचं वाटत नाही. मागच्या पायाने इतक्या झटक्यात ढकलणारे फार कमी आहेत. काळजी त्याच्या बाहेर पडण्याची. मारून झाल्यावर तो स्वतःच्या उजवीकडे निघाला तर साउथपॉच्या डाव्या हाताच्या वाटेत जातो, आणि जवळच रेंगाळला तर काय होतं ते नेरीने दाखवलं आहे. अखमदालिएव्हविरुद्ध त्याने बाराही फेऱ्या आत-बाहेर करत, संयमाने काढल्या. तो इनोउए आला तर नाकातानीला पुढे यावं लागेल, आणि उंच माणूस पुढे यायला लागला की त्याचा पुढचा पाय जड होतो. टोकियो डोमचा पहिल्या फेरीतला इनोउए आला तर मात्र माझी बाकीची पानं फाडून टाका.

शेवटी दोन-तीन ओळी अशा गोष्टींसाठी ठेवा ज्या पायांत दिसत नाहीत पण पायांवर उतरतात: वजनगट बदलला का, वजन उतरवायला त्रास झाला का, मागची लढत किती महिन्यांपूर्वी, वय किती. पाय हातांच्या आधी म्हातारे होतात, असं जुने कोच सांगतात. मी पन्नाशीत आहे, मला पटतं.

कागद लढतीच्या आदल्या दिवशी पाकिटात घाला, तारीख टाका आणि घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या. मी बायकोकडे देतो, कारण निकालानंतर मी वाक्यं हळूच बदलतो हे तिने एकदा पकडलं आहे. लढत झाल्यावर दुसऱ्या दिवशी, टॉवेल टाकूनच, पुन्हा बघा आणि प्रत्येक वाक्यापुढे बरोबर, चूक किंवा ‘तशी वेळच आली नाही’ लिहा. तिसरा शेरा सगळ्यात जास्त वेळा येतो. तो आला की त्या बॉक्सरची जुनी लढत काढून ‘कुठे निसटतो’ हा रकाना पुन्हा मोजायचा. माझ्या बाबतीत निम्म्या वेळा तिथलीच एखादी काडी चुकलेली निघते.